जॉन्स आयलंडचा रात्रवर्ग

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात पुरेशी मालमत्ता नसलेल्याला मतदार म्हणून नाव नोंदवायचे, तर राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवणारी ही अट उघड अन्यायाची होती. जॉन्स आयलंड या बेटावरचे इसॉ जेंकिन्स आपल्या बसमधल्या प्रवाशांना घटनेतले उतारे शिकवत. त्यांच्या आग्रहातून, शिक्षिका सेप्टिमा क्लार्क आणि हायलँडर फोक स्कूल ही प्रौढशिक्षण संस्था यांच्या मदतीने, जानेवारी १९५७ मध्ये तिथे प्रौढांचा रात्रवर्ग सुरू झाला. तोही गोऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून एका दुकानाच्या मागच्या खोलीत. शिकवण्यासाठी मुद्दामच पेशाने शिक्षिका नसलेल्या, केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना निवडले गेले. या प्रयोगातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. लहान मुलांची पुस्तके बाजूला ठेवून त्यांनी शिकणाऱ्यांनाच विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? मग स्वतःची सही, मनीऑर्डरचा फॉर्म, मतदार नोंदणीचा अर्ज आणि घटनेतील उतारे हाच अभ्यासक्रम ठरला. १९६१ मध्ये हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेले आणि दक्षिणेतील इतर राज्यांत पसरले. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिण कॅरोलिनातील साक्षरतेची अट स्थगित केली. १९७५ मध्ये अशा अटींवर देशभर कायमची बंदी आली.