जाग लघवीने येते की अडलेल्या श्वासाने?

१२१ वेळा झोप मोडली आणि १२१ वेळा माणूस उठून लघवीला गेला. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ८० रुग्णांच्या झोपेची रात्रभर यंत्रांवर नोंद घेऊन केलेली ही मोजणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ७९.३ टक्के वेळा झोप मोडली होती ती घोरण्याने, श्वास अडल्याने किंवा झोपेतल्या पायांच्या झटक्यांनी. रुग्ण मात्र लघवीचेच कारण सांगत राहिले. खरे कारण त्यांना ५ टक्के वेळाही ओळखता आले नाही.

हे ८० जण झोपेच्या तपासणीसाठीच आलेले होते. त्यामुळे ७९ टक्क्यांचा आकडा सोलापूरच्या घराघराला तसाच लावणे चुकीचे ठरेल. मला ५ टक्क्यांचा आकडा अधिक मोलाचा वाटतो. जाग आली की मूत्राशयात थोडीफार लघवी असतेच, ती जाणवते, आणि माणूस तिलाच दोष देतो. श्वास अडला होता हे झोपलेल्याला कळत नाही. कळले तर शेजारी झोपलेल्याला.

आपल्याकडे साठीतला माणूस ‘रात्री तीनदा उठावं लागतं’ म्हणाला की उत्तरे ठरलेली असतात. ‘वय झालं’, ‘शुगर बघा’, ‘प्रोस्टेट असेल’. शिवाय घरचा सल्ला : ‘संध्याकाळनंतर पाणी पिऊ नका.’ उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या सोलापुरात, दिवसभर यंत्रमागावर घाम गाळून आलेल्या माणसाचे पाणी तोडणे धोक्याचे आहे. शुगर आणि प्रोस्टेट तपासायलाच हवे. त्याच यादीत ‘घोरता का?’ हा प्रश्नही हवा.

किती जणांचा प्रश्न?

झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास निदान १० सेकंद थांबतो आणि असे पुन्हापुन्हा होते, त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. तासाला ५ पेक्षा कमी अडथळे सामान्य धरतात. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र आजार. तासाला ३० अडथळे आणि ७ तासांची झोप धरली, तर रात्रीत २१० वेळा श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडला. प्रत्येकी १० सेकंदच धरले तरी बेरीज ३५ मिनिटे होते. ज्याला आपण ‘गाढ झोपलाय, बघ कसा घोरतोय’ म्हणतो, त्याच्या रात्रीचा हा हिशेब असू शकतो.

महाराष्ट्रातला महत्त्वाचा अभ्यास मुंबईचा आहे. हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्यतपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली आणि त्यांतल्या काहींच्या झोपेची नोंद घेतली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १९.५ टक्के पुरुषांत झोपेतल्या श्वासाचे अडथळे होते, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा पेंगही येत होती. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. त्यात या वयाचे पुरुष अगदी हात राखून १ लाख धरले आणि मुंबईचे प्रमाण लावले, तर पेंग येण्याइतका आजार असलेले ७,५०० पुरुष या एका शहरात निघतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण त्यावरून प्रश्नाचा आवाका कळतो.

देशाचे चित्र आणखी मोठे आहे. दिल्लीच्या ‘एम्स’च्या डॉक्टरांनी भारतातले अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये काढलेले प्रमाण असे : प्रौढांत ११ टक्के, पुरुषांत १३ आणि स्त्रियांत ५. म्हणजे सुमारे १० कोटी ४० लाख माणसे. त्याच वर्षी आयसीएमआरच्या पाहणीतून मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचे पुढे आले. दोन्ही आकडे जवळपास सारखे. तरीही शुगरची तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होते, आणि अडलेल्या श्वासाचे नावही अनेक घरांनी ऐकलेले नसते. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा कुठे हा शब्द वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोचला.

स्त्रियांचे प्रमाण कमी दिसते, पण पाळी थांबल्यानंतर त्यांचाही धोका वाढतो. घोरण्याची तक्रार बाई स्वतःहून सांगत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

अडतो घसा, मग लघवी का वाढते?

घसा मिटला तरी छाती हवा ओढतच राहते. साध्या श्वासात फुप्फुसांभोवतीचा दाब बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका कमी असतो. मिटलेल्या घशातून ओढताना तो ६० ते ८० सेंटिमीटरपर्यंत खाली जाऊ शकतो. या ओढीने हृदयाकडे जास्त रक्त खेचले जाते आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. अंगात पाणी जास्त झाले आहे असा हृदयाचा समज होतो, आणि ते एएनपी नावाचे संप्रेरक सोडते. मीठ आणि पाणी बाहेर टाका, हा त्या संप्रेरकाचा मूत्रपिंडांना निरोप.

एरवी झोपेत शरीर लघवी कमी तयार करते, म्हणूनच निरोगी माणूस सहा-सात तास सलग झोपू शकतो. इथे ती घडी मोडते. म्हणजे नुकसान दुहेरी : श्वास अडल्याने जाग येते आणि मूत्राशयही खरोखरच भरलेले असते. रुग्ण खोटे बोलत नसतो. त्याला साखळीची शेवटची कडी तेवढी दिसते.

हृदयातले हे संप्रेरक कॅनडात अडॉल्फो दे बोल्ड यांच्या संशोधनातून पुढे आले ते १९८१ मध्ये. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र ५ रुग्णांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. आजाराचा दुवा आणि त्यावरचा इलाज एकाच वर्षी हाती आले. दवाखान्यात मात्र दोन्ही अजून वेगवेगळ्या खोल्यांत आहेत.

७ प्रश्न आणि ८ प्रश्न

प्रोस्टेटच्या रुग्णाला लघवीच्या लक्षणांचे ७ प्रश्न विचारले जातात. रात्री किती वेळा उठता, हा त्यातला एक. घोरण्याबद्दल एकही नाही. स्लीप अ‍ॅप्नियाच्या संशयासाठी जगभर वापरला जाणारा ‘स्टॉप-बँग’ तक्ता ८ प्रश्नांचा : घोरणे, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहिला का, रक्तदाब, वजन, वय, गळ्याचा घेर, पुरुष की स्त्री. त्यात रात्रीच्या लघवीचा प्रश्न नाही.

हा प्रश्न किती उपयोगाचा ठरला असता? झोपेच्या तक्रारी घेऊन आलेल्या १,००७ रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना अ‍ॅप्निया निघाला, त्यांच्यापैकी ८२.६ टक्के घोरण्यावरून हाती लागत होते आणि ८४.८ टक्के रात्रीच्या लघवीवरून. रात्री उठणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असा याचा अर्थ नाही. मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, पायांवरची सूज, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, वाढलेली प्रोस्टेट, अशी कारणे अनेक आहेत. श्वासाचे कारण त्या यादीतून वगळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तीन दिवसांची वही

कारण शोधायची सुरुवात घरातच करता येते. प्लास्टिकचे मापाचे भांडे आणि वही घ्या. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजा आणि वेळेसह लिहा. झोपण्याआधीची लघवी दिवसात धरा. रात्री उठून केलेली आणि सकाळची पहिली रात्रीत धरा.

समजा, २४ तासांत १,८०० मिलिलिटर झाली. त्यात रात्री दोनदा २५० आणि सकाळी ३००, म्हणजे रात्रीचे ८००. प्रमाण ४४ टक्के. पासष्टीनंतर ३३ टक्क्यांहून जास्त आणि तरुणपणी २० टक्क्यांहून जास्त वाटा रात्रीचा असेल, तर रात्री लघवी जास्त तयार होते आहे. अशा वेळी श्वासाची आणि हृदयाची चौकशी हवीच. दर खेपेला ६०-८० मिलिलिटरच होत असेल, तर मूत्राशयाकडे किंवा प्रोस्टेटकडे बोट जाते. ७० किलोच्या माणसाची दिवसाची बेरीज २,८०० च्या पुढे गेली, तर आधी शुगर पाहावी.

रात्रपाळी करणाऱ्यांची ‘रात्र’ म्हणजे त्यांच्या मुख्य झोपेचे तास, मग ते दुपारचे का असेनात.

उपचारांनी किती फरक पडतो?

सीपॅप लावल्यावर रात्रीच्या फेऱ्या सरासरी २.५ वरून ०.७ वर आल्याची नोंद २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. वजनाचा हिशेबही स्पष्ट आहे : २००० साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाहणीत १० टक्के वजन घटण्याशी श्वासाच्या अडथळ्यांतली सुमारे २६ टक्के घट जोडलेली दिसली. ८० किलोच्या माणसासाठी हे ८ किलो झाले. कुशीवर झोपणे आणि रात्रीची दारू बंद करणे यांचाही अनेकांना उपयोग होतो. मध्यम आणि तीव्र आजारात मात्र तपासणी आणि यंत्र टाळू नये.

सोलापुरात १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिव्हिलमध्ये जा किंवा खासगी डॉक्टरकडे, सोबत वही न्या आणि घरातले एक माणूस न्या. उन्हाळ्यात गच्चीवर शेजारी झोपणाऱ्या बायकोला, मुलाला, भावाला हे घोरणे मध्येच थांबून एकदम धाप टाकल्यासारखे पुन्हा सुरू होते का, ते ठाऊक असते. वहीतला रात्रीचा टक्का रुग्ण सांगेल. श्वास किती वेळा थांबला, ते या दुसऱ्या माणसाला सांगू द्या.