घरगुती दुरुस्ती व इंजिनाचा संगणक

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला कीं, आमच्या मालेगाव तालुक्यांत सोयाबीन व तूर यांच्या पेरणीची एकच घाई उडते. अशा वेळीं ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडी दोन दिवस उभी राहिली, तर होणारें नुकसान कशानेंहि भरून निघत नाहीं. म्हणून किरकोळ दुरुस्ती शेतकरी घरींच करतो, व तें योग्यच आहे. परंतु इंजिनें आतां पूर्वींसारखीं राहिलीं नाहींत. १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरील वाहनांस भारत स्टेज सहा, व १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरहून मोठ्या ट्रॅक्टरांस ट्रेम स्टेज चार, हे धुराचे नियम लागू झाले. अशा इंजिनांत डिझेल केव्हां व किती सोडावें हें बहुधा गव्हर्नर ठरवीत नाहीं. एक लहानसा संगणक ठरवितो.

हा संगणक स्वतः कांहींच पाहत नाहीं. फ्लायव्हीलजवळचा क्रँक सेन्सर त्यास इंजिनाची गति सांगतो. दुसरे सेन्सर हवा, उष्णता व डिझेलचा दाब सांगतात. त्यांपैकीं बहुतेकांस तो ५ व्होल्टचा प्रवाह पुरवितो व परत येणाऱ्या व्होल्टवरून अंदाज बांधतो. त्यामुळें सेन्सर मेला काय, तार तुटली काय, किंवा कपलर सैल राहिला काय, त्यास पुष्कळदां सर्व सारखेंच दिसतें.

आमचाच अनुभव सांगतों. गेल्या वर्षीं आम्हीं मालवाहू गाडीचा क्लच घरींच बदलला. क्लच उत्तम बसला. पण स्टार्टर जड फिरे व इंजिन चालू होईना. स्कॅनरवर पी ०३३५ हा क्रमांक आला, म्हणजे क्रँक सेन्सरचा दोष. नवा सेन्सर आणून बसविला, तरी स्थिति तीच. एका मिस्त्रीनें संगणक जळाल्याचें सांगितलें. त्याची किंमत ऐकून आमचा धीर सुटला. बियाण्याचे पैसे त्यांतच गेले असते. शेवटीं गाडीखालीं शिरून पाहतों तों, गिअरबॉक्स व चासी यांस जोडणारी अर्थिंगची पट्टी परत जोडावयाची राहून गेलेली! ती घासून आवळतांच इंजिन सुरू झालें, व जुना सेन्सरहि निर्दोष ठरला. स्टार्टरच्या मोठ्या प्रवाहास परतीची वाट न मिळाल्यामुळें तो बारीक तारांतून वाट काढीत होता, व सेन्सरचा इशारा त्यांत बिघडत होता. स्टार्टर जड फिरत होता, ही खूण आम्हीं आधींच ओळखावयास हवी होती.

यावरून तपासणीचा क्रम असा ठेवावा.

पहिलें, शेवटीं ज्यास हात लावला तेंच आधीं पाहावें. कपलर 'टक्' असा आवाज होईपर्यंत दाबावा. आंतील पिन वांकली आहे काय तें पाहावें.

दुसरें, बॅटरी. स्थिर असतां सुमारें १२.६ व्होल्ट असावे. स्टार्टर फिरतांना ते साडेनवाखालीं जाऊं नयेत. त्याच वेळीं मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसल्यास अर्थिंग कच्चें समजावें.

तिसरें, फ्यूज. रिलेचा संशय आल्यास त्याच प्रकारचा दुसरा रिले लावून पाहावा.

चौथें, स्कॅनरवरील सर्व क्रमांक पुसण्यापूर्वीं लिहून घ्यावे. बॅटरी काढल्यानेंहि कित्येक गाड्यांत ते पुसले जातात. पी ०३३५ हा क्रमांक संपूर्ण मार्गाचा दोष सांगतो. सेन्सर, तार व कपलर सर्व त्यांत आलें. यू ०१०० आल्यास संगणकाशीं बोलणें तुटलें एवढेंच समजावें, व त्याचा फ्यूज, पुरवठा व अर्थिंग तपासावें. संगणक बदलण्याचा विचार सर्वांत शेवटीं.

कांहीं गोष्टी मात्र मुळींच करूं नयेत. चालू इंजिनावर इंजेक्टरचे नट सैल करून कोणता सिलिंडर मेला तें पाहण्याची जुनी रीत कॉमन रेल इंजिनांत प्राणघातक आहे. तेथें डिझेलचा दाब हजार बारहूनहि अधिक असतो. ती धार कातडी भेदून आंत शिरते. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा व संगणकाचा कपलर काढावा. इंजिन धुतांना कपलरांवर जोराची धार मारूं नये. नवा इंजेक्टर घातल्यास, जेथें त्यावर क्रमांक कोरलेला असतो तेथें तो संगणकांत नोंदवावा लागतो. तें काम जाणत्याकडूनच करून घ्यावें.

हीं कामें मृगापूर्वींच, उन्हाळ्यांत उरकावीं. खोलण्याआधीं प्रत्येक जोडाचें छायाचित्र मोबाइलवर घ्यावें. आम्हीं तेवढें केलें असतें, तर सेन्सरचे पैसे व चार दिवस दोन्ही वांचले असते.