दुखावलेला गुडघा आणि वजनाचें माप

व्यायामशाळेंत चार दिवस उत्साहानें जावें, पांचव्या दिवशीं गुडघा दुखवून घ्यावा आणि पुढें वर्षभर तिकडे फिरकूंही नये, हा क्रम पुष्कळांच्या परिचयाचा आहे. यांत दोष गुडघ्याचा नसून मापाचा असतो. स्नायूंना रक्तपुरवठा विपुल असल्यामुळें ते लवकर बळावतात. त्यांस हाडांशीं जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश घट्ट होतात. अंगांत बळ आलें म्हणून वजन भराभर वाढविलें, कीं ताण कंडरांवर येतो.

मग दुखावलेला सांधा निजवून ठेवावा काय? हाड मोडलें वा सांधा सुजला, तर आधीं डॉक्टर गांठावा, हें उघडच आहे. परंतु पुढची लांबलेली विश्रांति बाधते. मांडीचे स्नायु झडतात व गुडघा निराधार होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागो येथील लष्करी रुग्णालयांत डॉ. टॉमस डीलॉर्म यांनीं जखमी सैनिकांच्या पायांस लोखंडी बूट बांधून वजनें उचलावयास लाविलें. गृहस्थ स्वतः वजनें उचलण्याचे शौकीन, म्हणूनच हें धाडस सुचलें असावें! १९४५ सालीं त्यांनीं ही पद्धति प्रसिद्ध केली आणि १९४८ मध्यें तिला सुटसुटीत रूप आलें. जें वजन जेमतेम दहा वेळां उचलतां येतें, त्याच्या निम्म्यानें प्रथम दहा वेळां, मग पाऊण वजनानें दहा वेळां आणि अखेर पूर्ण वजनानें दहा वेळां. दहाच्या पुढें सहज जातां येऊं लागलें, म्हणजे वजन वाढवावयाचें.

बैठकांसही हेंच धोरण लागू पडतें: आधीं खुर्चीवरून उठबस, मग अर्धी बैठक, मग पुरी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुखणें वाढलेलें आढळल्यास एक पायरी खालीं उतरावें.