म्हाताऱ्या मांजराच्या पाठीवरचा कोंडा

अकरा-बारा वर्षांच्या मांजराच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा भुगा दिसू लागला की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘आळशी झालंय, अंग चाटत नाही.’ म्हाताऱ्या मांजरावर होणारा हा सगळ्यात मोठा अन्याय आहे. त्याला अंग चाटायचं असतं, पण तिथवर तोंड पोचत नाही.

मांजराच्या जिभेवरचे काटे टोकाशी पोकळ असतात. ते थुंकी केसांच्या मुळापर्यंत नेतात, मेलेली त्वचा आणि गळलेले केस ओढून काढतात. कंबरेमागचा भाग चाटायचा तर पाठ वळावी लागते, आणि म्हातारपणी नेमकी तीच दुखते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वद जणांमध्ये सांध्यांची झीज आढळली. मांजर सहसा लंगडून दाखवत नाही. ओट्यावर थेट उडी मारायचं सोडून ते आधी स्टुलावर चढतं, एवढीच खूण दिसते. दुखरे दात आणि वाढलेलं वजन यांनीही चाटणं कमी होतं. म्हणून कोंडा फक्त पाठीच्या मागच्या भागात असेल तर आधी सांधे आणि तोंड तपासून घ्यावं.

‘आपला कोंड्याचा शाम्पू लावला की जाईल’ हा समज धोक्याचा आहे. माणसाची त्वचा आम्लधर्मी, मांजराची त्या मानाने उदासीन; त्यात अंगावर राहिलेलं औषध मांजर चाटून पोटात घेतं. मांजराचं यकृत काही रसायनं फार सावकाश निकामी करतं. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिन असलेली पिसवांची औषधं तर मांजराच्या जिवावर बेततात.

साईबाबांच्या गुरुस्थानाच्या निंबाखाली रोज माथा टेकणाऱ्या शिर्डीसारख्या गावात कडुनिंबाबद्दल सावध करणं मला अवघड जातं, पण कडुनिंबाचं तेल मांजराला लावू नये. ते चाटल्यावर लाळ गळणं, सुस्ती, थरथर अशी लक्षणं दिसू शकतात. खोबरेल तेल विषारी नाही, पण केस चिकट होऊन गुंता वाढतो.

शिर्डीत अनेक घरांत मांस शिजत नाही, मग मांजराच्या वाटीत दूध-पोळी पडते. ‘दुधातुपाने कांती येते’ हे माणसाचं गणित आहे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. त्वचेला लागणारं अ‍ॅराकिडोनिक आम्ल मांजराचं शरीर वनस्पती तेलापासून पुरेसं बनवू शकत नाही, ते मांस, मासे, अंडी यांतूनच मिळायला हवं. टॉरिनचंही तसंच. घरात सामिष शिजवायचं नसेल तर मांजरांसाठीचं तयार संपूर्ण खाद्य द्यावं, त्यात कसर करू नये. उन्हाळ्यात पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत.

प्रत्येक कोंडा म्हातारपणाचाच असतो असंही नाही. भुगा हलताना दिसला तर तो चेलेटिएला नावाच्या किडीचा असू शकतो, आणि ती माणसालाही खाज आणते. गोल टक्कल पडलं तर गजकर्णाची शंका घ्यावी. खूप खाऊनही मांजर वाळत असेल तर थायरॉइड आणि मधुमेह, तहान फार वाढली असेल तर मूत्रपिंड, अशी तपासणी हवी.

घरी करण्यासारखं काम सोपं आहे. मऊ ब्रश, रोज दोन-चार मिनिटं, केसांच्या दिशेने, कंबरेवर हलक्या हाताने. गुंता कात्रीने कापू नये. म्हातारी त्वचा पातळ असते, केसांबरोबर तीही कापली जाते. तो पशुवैद्याकडून मशीनने काढून घ्यावा. सांधेदुखीसाठी घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नये, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

आपला भाग दुधाचा, त्यामुळे इथल्या पशुवैद्यांचा बराच वेळ गाई-म्हशींत जातो. मांजर नेण्याआधी फोन करून वेळ ठरवावी आणि ते घरात कसं चढतं-उतरतं याचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्यावा. तपासणीच्या टेबलावर ते घाबरून दबून बसतं, तिथे त्याची दुखरी चाल दिसत नाही.