सुभेदार आणि तहसीलदार

डाकू मानसिंहाच्या दंतकथा आम्हा ग्वाल्हेरकरांना नवीन नाहीत. गोरगरिबांच्या मुलींची लग्ने लावून देणारा, देवभक्त, शब्दाचा पक्का अशी त्याची मूर्ती लोकांनी घडविली आहे. मला मात्र त्याच्या दरोड्यांपेक्षा त्याच्या घराचे कुतूहल अधिक. कारण त्याची टोळी म्हणजे बव्हंशी एक कुटुंबच होते.

मानसिंह आग्रा जिल्ह्यातील खेडा राठौरचा ठाकूर. गावातल्याच एका घराण्याशी वैर पडले आणि तो चंबळच्या बेहडात उतरला. मागोमाग भाऊ नवाबसिंह, मुलगे, पुतणे गेले. इतर घरांत भाऊ शेत वाटून घेतात. या घराने वैर वाटून घेतले. १९३९ ते १९५५ या काळातील १,११२ दरोडे आणि १८५ खून त्याच्या नावावर सांगितले जातात.

पण या बापाने मुलांची नावे काय ठेवली होती, पाहा! एक सुभेदारसिंह, दुसरा तहसीलदारसिंह. ज्यांचे पूर्वज दरबारच्या चाकरीत होते, त्या आपल्या घरांत हे हुद्दे अभिमानाने उच्चारले जातात. सरकारशी उभा दावा मांडणाऱ्या घरातही मुलाने मोठा अंमलदार व्हावे, हीच हौस पाळण्याशी होती. बंडखोरी त्या घराच्या रक्तात होती, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे आठवावीत.

१९५५ साली भिंड जिल्ह्यात मानसिंह मारला गेला, त्याच्याबरोबर सुभेदारसिंहही. तहसीलदारसिंह नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. तेथून त्याने विनोबांना पत्र लिहिले आणि फासावर जाण्यापूर्वी दर्शनाची इच्छा कळविली. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा त्या वेळी पदयात्रेत होते. त्यांनी मेजर जनरल यदुनाथसिंहांना त्याच्या भेटीस पाठविले. पुढे विनोबा स्वतः या मुलखात आले आणि मे १९६० मध्ये वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. मानसिंहाच्या टोळीतला लोकमन ऊर्फ लुक्का त्यांतच होता. तहसीलदारसिंहाची फाशी टळून जन्मठेप झाली.

त्या वेळचे मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख के. एफ. रुस्तमजी यांना हा प्रकार रुचला नाही. ज्यांनी डाकूंशी झुंजताना प्राण दिले त्या शिपायांचे काय, हा पोलिसांचा प्रश्न होता, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. तरीही १९७२ साली जयप्रकाशांपुढे शेकडो डाकू शरण आले, त्या वाटेची पहिली पाऊलखूण म्हणजे नैनीहून आलेले ते पत्रच, असे मी मानतो.

खेडा राठौरला मानसिंहाचे मंदिर आहे. लोक तेथे हात जोडतात. मारल्या गेलेल्यांच्या घरांना मात्र ना मंदिर लाभले, ना दंतकथा. मानसिंहाच्या घराचे चित्र काढू बसलो की चौकटीबाहेर राहिलेली ती घरे मला दिसत राहतात; त्यांतही कुणी आपल्या पोराचे नाव मोठ्या हौसेने ठेवलेच असेल.