ऊन न सोसणारी मुले आणि त्यांच्या डोळ्यांतील गाठी : कारण समजून घ्या, वेळ दवडू नका

तान्हे मूल थोडा वेळ उन्हात नेले तरी डोळे घट्ट मिटून रडते. काहींचा चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. दोन वर्षांचे होण्याआधीच गाल, नाक, ओठ यांवर तिळासारखे काळे-तपकिरी ठिपके उठतात. अशा मुलाबद्दल गावात लगेच कुजबुज सुरू होते. आईने ग्रहण पाळले नसेल, बाहेरची बाधा असेल, मागच्या जन्मीचे काही असेल. गंडेदोरे करण्यात दोन-तीन वर्षे जातात आणि तेवढ्यात डोळ्याचे भरून न येणारे नुकसान होते.

या आनुवंशिक आजाराला झेरोडर्मा पिगमेंटोसम, थोडक्यात एक्सपी म्हणतात. तो दुर्मीळ आहे. युरोप-अमेरिकेत साधारण दहा लाखांत एक, तर जपानमध्ये साधारण २२ हजारांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरिझ कापोसी यांनी १८७० मध्ये त्याचे वर्णन केले. त्यामागचे कारण मात्र १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांच्या संशोधनातून कळले.

नेमके काय बिघडते?

उन्हातील अतिनील किरणांमुळे आपल्या सर्वांच्याच पेशींतील डीएनएला रोज इजा होते. निरोगी पेशी बिघडलेला तुकडा कापून काढते आणि तिथे नवा जोडते. ही दुरुस्ती कशी चालते, हे उलगडणारे अझीझ सँकार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. एक्सपीमध्ये आठपैकी एका जनुकात दोष असतो. त्यामुळे ही इजा नीट सावरली जात नाही, चुका साठत जातात आणि त्यातून कर्करोग होतो. या रुग्णांना वयाच्या विशीआत त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत हजारो पटींनी जास्त असतो.

डोळ्यांवर घाला का?

अतिनील किरणे बहुतांशी कॉर्निया आणि भिंग यांतच अडतात. म्हणून मागचा पडदा बचावतो आणि पापण्या, पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण व कॉर्निया यांना मार बसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनेक वर्षे तपासलेल्या ८७ रुग्णांपैकी ९१ टक्के जणांच्या डोळ्यांत काही ना काही दोष आढळला होता.

सुरुवात उजेड सहन न होणे, डोळे लाल होणे व कोरडे पडणे यांपासून होते. पुढे पापण्यांचे केस झडतात. खालची पापणी आक्रसून बाहेर वळते आणि डोळा नीट मिटत नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या शिरतात, फूल पडल्यासारखा पांढरेपणा येतो आणि नजर अधू होते.

गाठी मुख्यतः दोन ठिकाणी येतात. एक पापणीच्या कडेवर आणि दुसरी बुबुळाचा काळा भाग पांढऱ्याला मिळतो त्या रेषेवर. पापणीवरची गाठ लोक रांजणवाडी समजतात, तर डोळ्यातली गाठ म्हणजे मांस वाढले असे समजून सोडून देतात. पण रांजणवाडी बहुधा काही आठवड्यांत बसते. जी गाठ बसत नाही, वाढत राहते, जिच्यातून रक्त येते, जिच्यावर खपली धरते किंवा जी काळी पडते, ती लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवली पाहिजे.

उपचार आणि बचाव

मूळ दोष बरा करणारे औषध आज नाही. गाठ लहान असताना काढली तर डोळा आणि पापणी वाचवता येते. काढलेली प्रत्येक गाठ तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह धरावा. डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या काही गाठींवर गोठवण्याचा उपचार किंवा कर्करोगविरोधी थेंबही वापरतात. कॉर्निया बदलता येतो, पण त्यात रक्तवाहिन्या शिरल्या असतील तर शरीर तो नाकारण्याची भीती जास्त असते. म्हणून दर काही महिन्यांनी त्वचा आणि डोळे दोन्ही तपासून घेणे हाच मोठा आधार आहे.

घरी करण्यासारखे बरेच आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, बाजूंनीही झाकणारा अतिनीलरोधक चष्मा, सनस्क्रीन आणि डोळे ओले ठेवणारे थेंब वापरावेत. साध्या काचेतून अतिनील किरणांचा काही भाग आत येतो, म्हणून खिडकीला अतिनीलरोधक फिल्म किंवा जाड पडदा लावावा. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते, त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. काही मुलांची ऐकण्याची शक्ती व मज्जासंस्थाही बाधित होते, त्यामुळे तीही तपासणी करावी.

दोष कोणाचा?

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच मूल आजारी पडते. असे दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते. म्हणजे एकट्या आईला दोष देणे सर्वस्वी चूक आहे. नात्यातल्या लग्नांत दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची रीत आपल्याकडेही आहे, तिचा या अंगाने विचार व्हायला हवा. एक मूल बाधित असेल तर पुढच्या मुलाआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे.

सगळे भोग पूर्वकर्माचेच असतात का, असा प्रश्न संयुत्त निकायातील सीवक सुत्तात तथागतांना विचारला आहे. त्यांनी ते नाकारले आणि पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी प्रत्यक्ष कारणे दाखवली. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे. त्यामुळे अशा मुलाकडे बोट दाखवण्याला धम्मात कुठलाच आधार नाही.

समाज म्हणून करण्यासारखी कामे साधी आहेत. शाळेने या मुलाला मैदानावरच्या प्रार्थनेतून सूट द्यावी आणि खिडकीपासून दूर बसवावे. विहारातील वंदना व बालसंस्कार वर्ग सूर्यास्तानंतर ठेवावेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्याला रात्रीच्या टप्प्यात सामील करून घ्यावे. दृष्टी अधू झाली असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळू शकते, ते काढून देण्यासाठी कार्यकर्त्यांनी पुढे यावे. आणि आपल्या वस्तीत असे ठिपके असलेले, उजेडात डोळे उघडू न शकणारे मूल दिसले, तर त्याच्या आई-वडिलांना जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा व नेत्र विभागात घेऊन जावे.