काचबिंदूच्या थेंबांचा हिशेब

आपल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत मोतीबिंदूला 'सफेद मोतिया' आणि काचबिंदूला 'काला मोतिया' म्हणतात. नावांच्या या सारखेपणाने पुष्कळ नुकसान केले आहे. मोतिया पिकला की ऑपरेशन करून घेऊ, असे म्हणून लोक थांबतात. मोतीबिंदूत ते बहुधा निभावते, कारण ऑपरेशननंतर नजर परत येते. काचबिंदूत तसे नाही. यात डोळ्याच्या आतील पाण्याचा दाब बहुधा वाढलेला असतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होत जाते. गेलेली नजर कोणत्याही औषधाने किंवा ऑपरेशनने परत मिळत नाही. उरलेली राखता येते, आणि ती राखण्याचे नेहमीचे साधन म्हणजे रोजचे थेंब.

व्यापाराच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे की हे थेंब दुकानाच्या भाड्यासारखे आहेत. दरमहा लागतात आणि जन्मभर लागतात. समजा, मदनपुऱ्यातील एखादा जरी कारागीर चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला गेला आणि डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. त्याला दुखत नाही, सुई-धागा समोर स्वच्छ दिसतो, कारण या रोगात बहुधा आधी कडेची नजर जाते. दोन महिने थेंब टाकून तो म्हणतो, फरक काहीच पडला नाही, आणि बंद करतो. फरक न पडणे हाच या औषधाचा गुण आहे, हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. तपासणीपर्यंत न पोहोचणारे तर याहून अधिक. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातील पाहण्यांत ज्यांना काचबिंदू आढळला, त्यांतील दहापैकी नऊ जणांना तो आहे हे आधी ठाऊकच नव्हते.

आता औषधांकडे वळू. सर्वांत जुने पिलोकार्पिन. ब्राझीलच्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांतून ते काढले गेले आणि 1870 च्या दशकापासून काचबिंदूवर वापरात आले. त्याने बाहुली आकसते. दिवसातून चार वेळा टाकावे लागे, कपाळ दुखे आणि कमी उजेडात अंधुक दिसे. बारीक काम करणाऱ्याला हे फार जाचक. आता ते काही ठरावीक रुग्णांनाच देतात.

1978 मध्ये अमेरिकेत टिमोलॉलला परवानगी मिळाली आणि सगळे चित्र पालटले. हे औषध डोळ्यात पाणी तयार होण्याचे प्रमाणच कमी करते. बहुधा दिवसातून दोनदा टाकतात आणि किंमत कमी. मात्र येथे आपल्या यंत्रमाग कामगारांनी कान देऊन ऐकावे. हा थेंब नाकाच्या नळीतून रक्तात उतरतो. दमा असणाऱ्याचा श्वास त्याने कोंडू शकतो आणि हृदयाचे ठोके मंद होऊ शकतात. कापसाच्या धुळीत वर्षे काढलेल्या, धाप लागणाऱ्या माणसाने डोळ्याच्या डॉक्टरांना आपल्या छातीची हकिकत आधी सांगितली पाहिजे. डोळ्याचे औषध आणि छातीचा काय संबंध, असे वाटून ती गोष्ट सांगायची राहून जाते.

तिसरा टप्पा लॅटानोप्रोस्टचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लास्लो बीटो या मूळच्या हंगेरियन संशोधकाने प्रोस्टाग्लॅंडिन या द्रव्याचा अभ्यास केला. त्याने डोळ्याचा दाब वाढतो असा तेव्हा समज होता. अल्प मात्रेत उलट दाब उतरतो असे त्यांना आढळले. स्वीडनच्या फार्मासिया कंपनीने त्यातून औषध घडवले आणि 1996 मध्ये ते अमेरिकेत 'झालाटन' नावाने बाजारात आले. रात्री एकच थेंब. पुढे या एका औषधाची वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरच्या वर गेली. 2011 मध्ये अमेरिकेतील पेटंट संपले, तेव्हा तिकडे स्वस्त पर्याय आले. भारतात 2005 पर्यंत औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होते. आपल्या देशात औषधे स्वस्त राहिली त्यामागे हा कायदा आहे. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत टिमोलॉल आणि लॅटानोप्रोस्ट ही दोन्ही आहेत. तेव्हा महागड्या नावाची चिठ्ठी मिळाली, तर याच घटकाचे स्वस्त औषध चालेल का, असे डॉक्टरांना सरळ विचारावे. त्यात संकोच कसला? लॅटानोप्रोस्टने पापण्यांचे केस लांब होतात. त्याच घराण्यातील बिमॅटोप्रोस्टला तर 2008 मध्ये अमेरिकेत पापण्या वाढवण्यासाठीही परवानगी मिळाली. व्यापारी डोके कुठे चालेल सांगता येत नाही!

डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडिन ही आणखी काही औषधे. पहिल्याने डोळा चुरचुरतो, दुसऱ्याने तोंड कोरडे पडते आणि झोप येते. एकाने भागले नाही की दुसरे जोडतात. लेझरचाही मार्ग आहे. ब्रिटनमधील 2019 च्या एका मोठ्या चाचणीत आधी लेझर घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना तीन वर्षांपर्यंत थेंबांची गरज लागली नाही. जन्मभराचा खर्च मांडताना याची चौकशी करायला हरकत नाही. लेझरनंतरही दाब तपासत राहावे लागते.

सर्वांत धोक्याचा थेंब मात्र वेगळाच आहे. डोळा लाल झाला, खाज सुटली की आपण मेडिकलवाल्याकडून एखादी बाटली आणतो. तिच्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तीच बाटली आणतो. महिनोन्महिने वापरल्यास काही जणांच्या डोळ्यांचा दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो. डोळ्यांच्या ॲलर्जीने त्रासलेल्या शाळकरी मुलांच्या बाबतीत हे विशेष जपावे. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा कायदा आहे. औषधविक्रीचा धंदा करणाऱ्या आपल्या बंधूंनी तो पाळावा. दहा-वीस रुपयांच्या नफ्यासाठी एखाद्याची नजर जाऊ देणे कोणत्या हिशेबात बसते?

बाटलीचाही हिशेब आहे. अडीच मिलीलिटरच्या बाटलीत साधारण 80 थेंब असतात. दोन डोळ्यांना रोज एकेक टाकल्यास चाळीस दिवस, पण लॅटानोप्रोस्टची बाटली उघडल्यावर सहा आठवड्यांनी टाकून द्यायची असते. तेव्हा उघडल्याची तारीख पेनाने लिहावी. एका वेळी डोळ्यात एकच थेंब मावतो, दुसरा गालावरून वाहून जातो. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. काही बाटल्या न उघडता फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात. मालेगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली त्या टिकणार नाहीत, म्हणून लेबल वाचून घ्यावे. ज्याला काचबिंदू आहे त्याच्या भावांनी, बहिणींनी आणि मुलांनीही दाब व नस तपासून घ्यावी, त्यांना धोका अधिक असतो.

रमजानमध्ये रोजा तुटेल या भीतीने अनेक जण महिनाभर थेंब बंद ठेवतात. 1997 मध्ये जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या दहाव्या अधिवेशनात डोळ्यांतील थेंबांनी रोजा तुटत नाही, घशात उतरलेले गिळू नये, असा ठराव झाला आहे. तरीही मनाला खात्री हवी असेल, तर आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावे. रात्रीचा थेंब रात्रीच पडतो आणि दोन वेळचा सहरीला व इफ्तारनंतर टाकता येईल का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरला, तर औषध घशाकडे फारच थोडे उतरते आणि छातीलाही त्याचा त्रास कमी होतो.